बीडची छागळ

अहिल्यानगरहून बीडला रेल्वेने जाता येते, हे वाक्य जुन्या माणसांना अजून खरे वाटत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ साली आणि बीडपर्यंत गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली पोरे तिशीला आली, त्यांतली कित्येक उसाच्या फडात कोयता चालवून थकली, तेव्हा कुठे शिट्टी वाजली. असो. उशिरा का होईना गाडी आली. एका नातलगाच्या मंगल परिणयाच्या निमित्ताने आम्ही सहकुटुंब त्या गाडीने गेलो. दोन दिवस मोकळे होते, ते गाव पाहण्यात घालवले.

आष्टी ओलांडली की बालाघाटचे उघडे माळ दिसू लागतात. सीताफळीची झुडपे, बाभळी, दगडाचे बांध आणि मध्येच मेंढरांचा कळप. या माळावर पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. डब्यातल्या प्रत्येक माणसाजवळ प्लॅस्टिकची बाटली होती. आमच्या समोर बसलेल्या आजीबाईंनी मात्र पितळी तांब्या आणला होता आणि त्यावर फडके बांधले होते. त्यांच्याशी बोलता बोलता विषय निघाला छागळीचा. "आमचे मामा छागळ घेऊन चालायचे, पाणी कसं बर्फावाणी," असे त्या म्हणाल्या. आमच्या मुलीने विचारले, छागळ म्हणजे काय? डब्यात चाळिशीच्या आतल्या एकालाही ते सांगता आले नाही.

वाचक बंधु-भगिनींनो, छागळ म्हणजे चामड्याची पाण्याची पिशवी. छाग म्हणजे बकरा, त्यावरून हा शब्द. खांद्याला अडकवावी, खोगिराला बांधावी, बैलगाडीच्या साट्याला टांगावी आणि तहान लागली की तोटी सोडून पाणी प्यावे. आणि या वस्तूसाठी बीड शहराचे नाव लांबवर होते. निजामाच्या राज्यातल्या गॅझेटियरमध्ये बीडच्या दोन मालांची नोंद आहे. एक छागळ आणि दुसरी गुप्ती, म्हणजे काठीत लपवलेली तलवार. आज बीडचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा खून-मारामाऱ्यांमुळे किंवा ऊसतोडीमुळे. गुप्तीचा वारसा तेवढा चालू राहिला, असे कोणी खवचटपणे म्हणेल. पण छागळ मात्र लोक विसरले.

पाणी गार कसे राहत असे, तेही सांगून ठेवतो, कारण ही काही जादू नव्हे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेल्या कातड्यातून पाणी अगदी बारीक झिरपते. बाहेरचा भाग ओलसर राहतो, वाऱ्याने ती ओल उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाचेही तेच तत्त्व. पण माठ घोड्यावर बांधता येत नाही. छागळ शिवणाऱ्याची कसोटी अशी की शिवणीतून पाणी गळता कामा नये आणि कातड्यातून झिरपायचे थांबता कामा नये. कातडे जास्त कमावले तर पाणी उबते, कमी कमावले तर कुजट वास येतो. हे सगळे हाताच्या अंदाजाने चालत असे. थर्मामीटर नाही, पुस्तक नाही.

आता हे कातडे कोठून येई? बकऱ्याचे कातडे खाटकाकडून मिळे. पण विहिरीवरच्या मोटेला आणि पाणक्याच्या पखालीला मोठ्या जनावराचे कातडे लागे. गावात जनावर मेले की ते ओढून नेणे महारांच्या माथी, कातडे कमावणे ढोरांच्या माथी आणि शिवणे चांभारांच्या माथी. चुन्याच्या हौदात कातडे भिजवायचे, केस खरवडायचे, मग कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात साल-हिरड्याचे पाणी भरून ती टांगून ठेवायची. दिवसेंदिवस त्या वासात राहायचे. ढोरवाडा गावाच्या खालच्या अंगाला, वारा गावाकडे येणार नाही अशा बाजूला. मोबदला म्हणून खळ्यावरचे धान्य, तेही मालकाच्या मर्जीने.

बीडपासून काही मैलांवर खजाना बावडी आहे. मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने बांधलेली ही गोल विहीर. जमिनीखालून पाण्याच्या वाटा काढून आसपासची शेती भिजवण्याची सोय तिच्यात केलेली आहे. आम्ही गेलो तेव्हा पाणी होते. पोरे वाकून पाहत होती. मी काठावर उभा राहून दुसराच हिशोब करीत होतो. या जिल्ह्यातल्या हजारो विहिरींवर शेकडो वर्षे मोट चालली. मोट आमच्या माणसांनी ओढलेल्या जनावराच्या कातड्याची. ती त्या विहिरीच्या तळाशी जाई, पाण्यात बुडे, वर येई. त्या पाण्यावर पाटलाचा मळा पिके, तेच पाणी वाड्यात जाई. चामडे विहिरीत उतरले तर पाणी बाटत नव्हते. चामडे शिवणारा माणूस उतरला तर बाटत होते! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा या एका विसंगतीला त्यांनी हात घातला होता. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असेही त्यांनी बजावले.

हा धंदा आपल्या लोकांनी सोडला तो असा. सुखासुखी नव्हे. पोटाला चिमटा घेऊन सोडला. तेव्हा काही शहाण्यांनी हिशोब मांडला होता की मेलेली जनावरे, कातडी, शिंगे सोडली तर महारांचे वर्षाकाठी अमुक रुपयांचे नुकसान होईल. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही गोष्ट सांगितली आहे. त्यांचे उत्तर साधे होते. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर माझ्या पदरचे पैसे देतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, दिवसभर खतावणीत डोके घालून बसणारा माणूस. इतका चोख ताळेबंद मी दुसरा पाहिलेला नाही. जमेच्या बाजूला रुपये असतात, पण नावेच्या बाजूला माणुसकी गेलेली असते आणि ती रकमेत मांडलेली नसते.

मग आज या विषयावर लिहायचे कारण काय? कारण असे की जे काम आपल्याला घाण म्हणून चिकटवले होते, त्याला आता मोठ्या शहरात आणि परदेशात 'हस्तकला' म्हणू लागले आहेत आणि भाव भरपूर आला आहे.

कोल्हापुरी चपलेचेच पाहा. कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी अशी तिची घराणी. खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेली. जुलै २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी. हे मानांकन आपल्याकडच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या आणि कर्नाटकाच्या अशाच महामंडळाच्या नावावर आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन भरवले, त्यात हुबेहूब कोल्हापुरी दिसणारी चप्पल घालून तरुण चालले. नाव घेतले नाही ना कोल्हापूरचे, ना कारागिराचे. इकडे ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, तेव्हा कंपनीने मान्य केले की ही चप्पल भारतीय कारागिरीवरून घेतली आहे. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात नुकसानभरपाईसाठी याचिका केली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावे, असा न्यायालयाचा रोख होता. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. सुमारे २००० जोड महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचे, जगभरातल्या ४० दुकानांतून विकायचे, किंमत सुमारे ८०० युरो. कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे, असेही करारात आहे.

८०० युरो म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर. २००० जोडांचे सोळा कोटींहून जास्त होतात. कोल्हापुरात हजार-दीड हजारात नेटकी जोडी मिळते. तेव्हा वरचे साडेअठ्ठ्याहत्तर हजार कशाचे? चामडे तेच, वादी तीच, हातही आमच्याच माणसांचे. मधला सगळा भाव नावाचा आहे. आणि ज्याच्या हातांनी काम झाले त्याला हे नाव आजवर मिळाले होते ते शिवी म्हणून.

हीच गोष्ट मुंबईत एका चित्रकार तरुणाने उलटी करून दाखवली. सुधीर राजभर यांचे घराणे उत्तर प्रदेशातले, वाढ मुंबईची. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंपर्यंत वाढला, तेव्हा चामड्याच्या बाजाराला आणि धारावीतल्या कारागिरांच्या पोटाला टाच बसली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१६ मध्ये, गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना भर रस्त्यात कसे बडवले, हे आपण विसरलेलो नाही. राजभर यांनी त्या कारागिरांना बरोबर घेतले आणि चामड्याऐवजी टाकाऊ टायर-ट्यूबच्या रबराच्या पिशव्या करवून घेतल्या. साध्या, काळ्याभोर, ठसठशीत. संस्थेला नाव दिले 'चमार स्टुडिओ'. पिशव्यांबरोबर खुर्च्याही केल्या आणि त्या २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या मायामी शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या.

हे नाव वाचून आमच्या कार्यालयातले एक चर्मकार बंधू संतापले होते. "जात पुसायला निघालोत की पाटीवर लावायला?" असे त्यांचे म्हणणे. दुसरे एक तरुण कार्यकर्ते म्हणाले, ज्या शब्दाने मान खाली जात होती तो शब्द श्रीमंतांना पैसे मोजून खांद्यावर वागवायला लावला, यापेक्षा सूड कोणता? मला विचाराल तर जातीचे नाव कोणत्याही मालावर नसावे, चांगल्या हेतूनेही नसावे असेच वाटते. पण एक फरक मी मान्य करतो. इथे नाव ठेवणारा कारागिरांच्या बाजूचा आहे आणि कोण शिवतो हे तो लपवीत नाही. पुण्या-मुंबईत कोल्हापुरीला नवे रंग, नवे तळवे देऊन विकणारी इतरही नवी नावे आहेत. पुण्याचे 'चॅपर्स' त्यांतलेच. दुकानात माल पाहावा तर देखणा असतो. फक्त त्या चपलेखाली पाहत जा, कारागिराचा पत्ता कोठे लिहिला आहे का.

बीडच्या बाजारात एका झाडाखाली गटई कामगार बसतात. त्यांतले एक काका साठी उलटलेले. जयभीम घातला, त्यांनी हात न थांबवता "जयभीम, बसा," म्हटले. छागळीचे नाव काढताच आरी खाली ठेवली. "आमच्या आज्यानं शिवल्या. म्या फकस्त धरून बघितली. आज्या म्हणायचा, टाका घालताना श्वास धरावा लागतोय." मग शिवण कशी दुमडून घ्यायची, हे त्यांनी चपलेच्या तुकड्यावर करून दाखवले. त्यांच्या वडिलांच्या वेळी मोट गेली, विहिरीवर इंजिन आले. छागळीच्या जागी आधी कॅनव्हासच्या पिशव्या आल्या, ट्रकच्या पुढे लटकायच्या त्या. मग प्लॅस्टिक. आज चपलाही रबरी येतात, तुटली की टाकून देतात. शिवायला आणतो कोण?

त्यांचा नातू जवळच पोत्यावर बसून काही शिवत होता. आयटीआय झालेला, काम न मिळालेला. गेल्या हंगामात टोळीबरोबर कारखान्यावर जाऊन आला आणि पुन्हा जाणार नाही म्हणून बसला. ट्रॅक्टरची फाटकी ट्यूब आणि निवडणुकीचे जुने फ्लेक्स यांची तो पिशवी करतो. फ्लेक्सला बीडमध्ये तोटा नाही. पुढाऱ्याचा चेहरा आतल्या बाजूला घालतो, बाहेरून काळे रबर. हातात धरायचा पट्टा आजोबांच्या चामड्याचा आणि शिवण दुमडून घातलेली, छागळीचीच. विकतो ३५० रुपयांना.

मला राहवले नाही, कागद-पेन्सिल काढली. ट्यूब-फ्लेक्स ४० रुपये, चेन आणि अस्तर ६०, दोरा-गोंद २०, पट्ट्याचे चामडे ७०. एकूण १९०. "म्हणजे १६० नफा," तो म्हणाला. वेळ किती लागतो? चार तास. मग बाळा, हा नफा नव्हे, ही तुझी मजुरी झाली, तासाला ४० रुपये. नफा शून्य. अशाच पिशवीवर पुण्यातल्या एका दुकानात मी दीड हजाराची चिठ्ठी पाहिली आहे. पोरगा गप्प झाला. आजोबा मात्र हसले. म्हणाले, "साहेब, हेच म्या सांगतोय. पर म्या सांगितलं तर म्हातारा बडबडतोय."

इथे मला अथणीची आठवण होते. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी परिसरात कोल्हापुरी शिवणाऱ्या कुटुंबांत वेणी घालण्याचे, नाजूक कलाकुसरीचे काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केले. बाजारात माल नेई पुरुष, पैसे घेई व्यापारी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे 'असेंट' नावाच्या संस्थेने बायकांचे बचत गट बांधले आणि 'टोहोल्ड' या नावाने त्यांची चप्पल परदेशात जाऊ लागली. महत्त्वाचे असे की नावाच्या मालकीत त्या बायकाच होत्या. चप्पल तीच, अथणी तीच. बदलले ते वहीवर कोणाचे नाव लिहायचे एवढेच.

बीड त्या आठ जिल्ह्यांत नाही. म्हणून बीडच्या कारागिराने कितीही चांगली चप्पल शिवली तरी तिला कोल्हापुरी म्हणून विकता येणार नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये मानांकन मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट. पण सीताफळाच्या मागे शेतकरी उभा राहिला, अर्ज झाला, पुरावे गोळा झाले. छागळीच्या मागे कोण उभे राहणार? गॅझेटियरमधली नोंद हा पुरावा आहेच. जिल्ह्यातल्या शिकलेल्या पोरांनी जुन्या घरांतून, माळ्यांवरून एखादी खरी छागळ शोधून काढावी, तिचे मोजमाप घ्यावे, शिवण उसवून पाहावी. असे काका आहेत तोवर.

काही जण म्हणतील, हा उलटा प्रवास झाला. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते तुम्ही पुन्हा धरायला सांगता? नाही. आपल्या पोरांनी वकील व्हावे, इंजिनियर व्हावे, यात दुमत नाही. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती सक्ती. जन्माने लादलेले काम, खळ्यावरची भीक, मेलेल्या मांसाची सवय. बाजारभावाने, स्वतःच्या नावाने, ठरलेल्या मजुरीने केलेले काम ते नव्हे. हे काम कोणत्याही जातीचे पोर शिकू शकते आणि पुण्याच्या डिझाईन शाळांत शिकतेही आहे. फी भरून शिकते! मग ज्याच्या घरी ते फुकट आहे त्याने ते लाजून टाकून द्यावे आणि दुसऱ्याने उचलून त्याचे ८०० युरो करावेत, हा कोणता न्याय?

ज्यांना हवे त्यांच्यासाठी थोडी उपयोगी माहिती. १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत अठरा व्यवसाय धरले असून चर्मकाम आणि टोपल्या-चटया-झाडू बनवण्याचे कामही त्यात येते. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी १ लाख व पुढे २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी गावातल्या सेवा केंद्रावर होते. १९७४ साली स्थापन झालेल्या संत रोहिदास महामंडळाच्याही कर्ज योजना आहेत, आणि रस्त्याकडेच्या गटई कामगारांसाठी शासनाची पत्र्याच्या स्टॉलची योजना आहे. काकांनी स्टॉलसाठी अर्ज केलेला नव्हता. कारण विचारले तर म्हणाले, दाखला काढायला तीन चकरा, एक दिवस बुडला की दोनशे रुपये बुडले. तीन चकरांचे सहाशे होतात. तो अर्ज आम्ही तिथेच भरायला घेतला. जातीचा दाखला त्यांच्या घरी पेटीत निघाला, उत्पन्नाचा तेवढा बाकी आहे. लग्नघरच्या एका शिक्षक पाहुण्यांनी तो काढून देण्याचे अंगावर घेतले आहे.

पोराला मी एवढेच सांगितले की पिशवीच्या आत तुझे नाव आणि 'बीड' असा शिक्का मार. शिक्का करायला शंभर-दीडशे लागतील. आणि ३५० ला विकू नकोस, निदान ५०० सांग. तो म्हणाला, इथे ५०० कोण देणार? सौभाग्यवतींनी पर्समधून पाचशेची नोट काढून त्याच्या पुढे ठेवली. मुलीने पिशवी खांद्याला लावली, आत हात घालून पाहिला आणि त्याला विचारले, मोबाईलचा कप्पा का नाही ठेवला? त्याने पेन्सिल मागून घेतली आणि फ्लेक्सच्या तुकड्यावर कप्प्याचे माप टिपून ठेवले.